रक्तातील पहारेकरी

मुलांनो, ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सरकारी दवाखान्यातील परिचारिका लस टोचण्यासाठी आमच्या शाळेत आल्या होत्या. धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांची ती लस होती. दहावीच्या मुलामुलींनी रांगेत उभे राहून ती टोचून घेतली. कोणी डोळे मिटले, कोणी हसले, एकाने तर टोचण्याआधीच ओरडून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुआ संपते न संपते तोच एका मुलीचे वडील शाळेत आले. ते म्हणाले, "सर, काल माझी मुलगी ठणठणीत शाळेत आली होती. रात्री तिला ताप भरला. दंड सुजला आहे, हात वर होत नाही. चांगल्या मुलीला आजारी करण्याची ही कोणती रीत?" मग थोडे थांबून ते म्हणाले, "तिच्या धाकट्या भावालाही लस दिल्यावर असेच झाले होते. म्हणून त्याची गोवरची दुसरी मात्रा आम्ही घेतलीच नाही."

मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हणालो, "ताप येतोच. दोन दिवसांत उतरेल. काळजी करू नका." ते निघून गेले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. कसे होणार? ताप येतोच, हे त्यांनाही दिसत होते. तो का येतो, हे त्यांना हवे होते. मी विज्ञान शिकवणारा माणूस, आणि नेमके तेच मी सांगितले नाही. त्यांना जे सांगायला हवे होते, ते आज तुम्हांला सांगतो.

बोट कापले की रक्ताचा थेंब येतो. तो लाल दिसतो, कारण त्यात तांबड्या पेशी असतात. उर्दूच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही त्यांना खलिये म्हणता. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. त्याच रक्तात पांढऱ्या पेशी मात्र चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंतच असतात. म्हणजे पाच-सहाशे किंवा त्याहून जास्त तांबड्या पेशींमागे एखादी पांढरी पेशी. तरीही शरीराचा पहारा याच मूठभर पेशींवर सोपवलेला आहे.

या पहारेकऱ्यांत जाती आहेत. सर्वांत जास्त संख्या न्यूट्रोफिलची, निम्म्याहून अधिक. त्या धावत जातात, जंतू गिळतात आणि बहुधा तिथेच मरतात. जखमेत जो पू दिसतो, त्यात या मेलेल्या पेशी फार असतात. त्यांच्या खालोखाल लिम्फोसाइट. यांची चाल सावकाश, पण आठवण पक्की. मग मोनोसाइट, आकाराने मोठ्या; त्या गिळतातही आणि इतरांना खबरही देतात. शंभरात दोन-चार इओसिनोफिल असतात. त्यांचे काम पुढे येईल.

पांढऱ्या पेशी पहारेकरी आहेत, हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? एली मेच्निकॉफ नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ होते. १८८२ साली ते इटलीतील सिसिली बेटावर मेसिना या गावी राहत होते. समुद्रातील तारामाशाची अगदी लहान पिल्ले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या आतील पेशी फिरताना दिसतात. मेच्निकॉफ यांच्या मनात आले की, या फिरत्या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. उत्सुकतेने त्यांना रात्री झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काय, प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती! या शोधाचे महत्त्व पुढे जगाने मानले. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

काट्यात जीव नसतो, रोगही नसतो. तरीही पेशी धावल्या. दारावर थाप पडली, उर्दूत आपण जिला दस्तक म्हणतो, की पहारेकरी उठतो; थाप कोणाची आहे हे त्याला नंतर कळते. पण पुढच्या संशोधनातून दिसले की, या पेशी थाप ऐकूनच पुष्कळ काही ओळखतात. वेगवेगळ्या थापांना त्यांचा जबाबही वेगवेगळा असतो.

हे कसे तपासतात? माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यांना काचेच्या नळीत, शरीराइतक्या उबेत ठेवतात. मग नळीत एखादा पदार्थ अगदी थोडा टाकतात आणि पेशी काय करतात ते पाहतात. जो पदार्थ त्यांना जागे करतो, त्याला उद्दीपक म्हणतात.

असा एक उद्दीपक तुमच्या स्वयंपाकघरात आहे. तो म्हणजे राजमा! राजम्याच्या दाण्यात एक प्रथिन असते. त्याचे नाव लांबलचक आहे : फायटोहीमॅग्लुटिनिन. पाठ करू नका, परीक्षेत विचारणार नाही. या प्रथिनामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. म्हणून रक्तातून तांबड्या पेशी दूर करण्यासाठी प्रयोगशाळेत ते वापरत असत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल हे शास्त्रज्ञ असेच काम करत होते. त्या काळी सर्वांची समजूत अशी की, रक्तातील लिम्फोसाइट म्हणजे म्हाताऱ्या पेशी. त्यांची वाढ संपलेली, त्यांना पुन्हा पिल्ले होणार नाहीत. पण नॉवेल यांच्या नळीत तीन दिवसांनी याच पेशी फुगून मोठ्या झाल्या होत्या आणि एकीच्या दोन होत होत्या. हा चमत्कार राजम्याच्या प्रथिनाचा आहे, हे त्यांनी १९६० साली दाखवून दिले. म्हातारे समजलेले पहारेकरी खरे तर झोपलेले होते. थाप पडताच ते नुसते उठले नाहीत, त्यांनी आपली फौज वाढवली.

(जाता जाता सांगतो. हेच प्रथिन पोटात गेले तर उलट्या आणि जुलाब होतात. म्हणून राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, चांगला खळखळ उकळावा. अर्धाकच्चा राजमा खाऊ नये. अम्मींना विचारा, त्यांना हे ठाऊक असेल.)

आता दुसरी थाप पाहा. १८९२ च्या सुमारास जर्मनीत रिचर्ड फायफर हे पटकीच्या, म्हणजे हैजाच्या, जीवाणूंवर संशोधन करत होते. उष्णता देऊन मारलेले जीवाणू त्यांनी गिनीपिगांना टोचले. जीवाणू मेलेले, तरी प्राणी आजारी पडले. म्हणजे विष जीवाणूच्या देहातच होते. पुढे कळले की, अनेक जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणात चरबी आणि साखर यांचा मिळून बनलेला एक पदार्थ असतो. त्यालाच अंतर्विष म्हणतात. साध्या उकळण्याने तो नष्ट होत नाही.

या अंतर्विषाला आपल्या पांढऱ्या पेशी इतक्या घाबरतात की विचारू नका. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. निरोगी स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम अंतर्विष टोचले, तरी तास-दीड तासात त्यांना हुडहुडी भरते, डोके दुखते, अंग मोडून येते आणि ताप चढतो. काही तासांनी रक्त तपासले तर न्यूट्रोफिल पुष्कळ वाढलेल्या असतात आणि लिम्फोसाइट कमी झालेल्या दिसतात. राजम्याच्या थापेला लिम्फोसाइटनी तीन दिवसांत फौज वाढवून जबाब दिला होता. इथे मात्र मोनोसाइट तासाभरात आरोळी ठोकतात.

ही आरोळी म्हणजे काय? मोनोसाइट रक्तात काही निरोप्या पदार्थ सोडतात. ते पदार्थ मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा केंद्रापर्यंत खबर पोहोचवतात. शरीर किती गरम ठेवायचे, हे ते केंद्र ठरवते. खबर मिळताच ते ठरवते की, आज सदतीस अंश पुरे नाही, एकोणचाळीस हवे. शरीर अजून सदतीसवरच असते, म्हणून आपल्याला थंडी वाजते. स्नायू थरथरतात, उष्णता तयार होते आणि अंग तापते. तापात गोधडी का हवीशी वाटते, ते आता कळले ना? म्हणजे ताप जंतू आणत नाही. तो आपलेच शरीर, आपल्याच पहारेकऱ्यांच्या हाकेवरून चढवते.

पेशींना अंतर्विष ओळखता कसे येते, हे कोडे मात्र शंभर वर्षे सुटले नाही. फळमाशीमध्ये टोल नावाचे एक जनुक आहे. १९९६ साली फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की, हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. १९९८ साली अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत याच जातीचे एक जनुक शोधले. पेशीच्या अंगावर त्यापासून एक ग्राहक तयार होतो. ग्राहक म्हणजे जणू पेशीचा कान. तोच अंतर्विष ऐकतो. २०११ साली या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसाच्या पेशींवर आणि पेशींच्या आत असे दहा प्रकारचे कान आहेत. एक अंतर्विष ऐकतो, एक जीवाणूच्या शेपटीतील प्रथिन ऐकतो, एक विषाणू वाढताना तयार होणारा दुपेडी धागा ऐकतो.

बॉयटलर यांनी जे उंदीर वापरले, त्यांची हकीगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. या उंदरांचा तो कान जन्मतःच बिघडलेला होता. त्यांना भरपूर अंतर्विष टोचले तरी काही होत नसे. वाटेल की, काय नशीबवान उंदीर! पण खरे जिवंत जीवाणू त्यांच्या शरीरात शिरले की, इतर उंदरांपेक्षा ते फार लवकर मरत. ज्यांच्या पहारेकऱ्यांना आरोळीच ठोकता येत नव्हती, त्यांच्या घरात चोर आरामात शिरत होते.

विषाणूची थाप आणखी वेगळी. ती ऐकली की पेशी इंटरफेरॉन नावाचे पदार्थ सोडतात. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ साली याचा शोध लावला. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते, आणि मग विषाणूला त्यांच्यात आपली संख्या वाढवणे कठीण जाते. पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर रक्त तपासायला का सांगतात, याचेही एक कारण इथे आहे. जीवाणूंमुळे घसा किंवा फुप्फुसे सुजली असतील तर पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात, आणि डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापात त्या बहुधा घटतात. डॉक्टर त्या आकड्यांवरून अंदाज बांधतात की, दारावर थाप कोणाची आहे.

पोटात जंत झाले तर? जंत पेशीहून हजारो पटींनी मोठा. त्याला गिळणार कोण? इथे इओसिनोफिल पुढे येतात. त्या जंताला चिकटतात आणि त्याच्यावर जहाल द्रव्ये ओततात. म्हणूनच जंत झालेल्या मुलांच्या रक्तात त्यांची संख्या अनेकदा वाढलेली आढळते. शाळेत जंताची गोळी चघळायला देतात, तेव्हा तोंड वाकडे करणाऱ्यांनी या बिचाऱ्या पहारेकऱ्यांची आठवण ठेवावी.

आता लशीकडे वळू. लस म्हणजे चोराशिवाय वाजवलेली थाप. पहारेकऱ्यांचा सराव व्हावा म्हणून ती मुद्दाम वाजवतात.

मेच्निकॉफ यांचे एक विद्यार्थी होते, वाल्देमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा सरकारने त्यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. प्लेगचे जीवाणू वाढवून, उष्णतेने मारून ती केलेली होती. १८९७ च्या १० जानेवारीला त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, सुईची जागा दुखू लागली. आता तुम्ही सांगू शकाल की असे का झाले. प्लेगच्या जीवाणूच्या आवरणातही अंतर्विष असते. जीवाणू मेले होते, पण थाप शिल्लक होती.

लोक मात्र या लशीला भ्यायले. तेव्हा आगाखान तिसरे, सर सुलतान मोहम्मद शाह, यांनी हाफकिन यांना आपली एक इमारत कामासाठी दिली आणि आपल्या अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. त्या वेळी ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे! १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचेच नाव आहे. ती संस्था आजही तेथे आहे.

आमच्या दहावीच्या मुलीला जी लस दिली, तिच्यात मेलेले जीवाणूसुद्धा नव्हते. जीवाणू जे विष सोडतात, ते फॉर्मॅलिनने निरुपद्रवी करून तिच्यात घातलेले असते. पण एकटे हे द्रव्य फार हळू थाप देते. पहारेकरी कूस बदलून पुन्हा झोपतात. १९२६ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी त्यात तुरटी मिसळून पाहिली. होय, दाढी केल्यावर लावतात ती फिटकरी! तुरटीमुळे ते द्रव्य साकळते, टोचलेल्या जागी बराच वेळ टिकते आणि पेशींना तिकडे ओढते. जबाब कितीतरी जोरदार मिळतो. तुरटीच्या कुळातील अॅल्युमिनियमचे क्षार आजही अशा लशींत असतात. दंडावर आलेली ती दुखरी गाठ म्हणजे तिथे जमलेली पहारेकऱ्यांची सभा. काट्याभोवती जमली होती तशीच.

आणि धाकट्या भावाचा ताप? तान्ह्या मुलांना जी लस देतात, तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले जीवाणू असतात. त्यांच्या आवरणात अंतर्विषाच्या जातीचाच पदार्थ असतो. म्हणून ताप त्याच दिवशी किंवा रात्री येतो. गोवरच्या लशीचे तसे नाही. तिच्यात दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. त्यांना शरीरात थोडे वाढायला वेळ लागतो, म्हणून ताप आलाच तर आठवड्याभराने येतो. एका रोगाच्या लशीचा ताप पाहून त्यांनी दुसऱ्याच रोगाची लस सोडून दिली होती!

आणि गोवर, ज्याला आपण खसरा म्हणतो, तो तर पहारेकऱ्यांचा जुना वैरी. इतर जंतू थाप देतात तेव्हा लिम्फोसाइट त्यांना लक्षात ठेवतात. पुन्हा तेच जंतू आले की चार-पाच दिवसांतच जबाब तयार असतो. गोवरचा विषाणू मात्र या आठवण ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवर होण्याआधी आणि झाल्यानंतर तपासले गेले. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. दुसऱ्या जंतूंविरुद्ध मुलांच्या रक्तात आधीपासून जी प्रतिद्रव्ये होती, त्यांतली ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. म्हणजे पुरळ जाते, मूल खेळू लागते, पण त्याच्या पहारेकऱ्यांना जुने चोर ओळखता येत नाहीत. गोवरनंतर मुलांना न्यूमोनिया आणि हगवण का गाठते, याचे हे एक कारण. लशीतील दुबळा विषाणू अशी आठवण पुसत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवरची साथ आली आणि लहान मुले दगावली. ही गावे तुमच्या ओळखीची आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक तिथे राहतात.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला होता. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला असता किंवा फार चढला असता, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवे होते, हेही मी सांगितले. वर लिहिले ते सारे मी तिच्या वडिलांसमोर मांडले. राजम्याची गोष्ट ऐकून तिची आजी हसली. वडिलांनी कपाटातून मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढले. मुलगा चार वर्षांचा होता. पाच वर्षांपर्यंत राहिलेली मात्रा देता येते, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी कार्ड बराच वेळ हातात धरले, मग विचारले, "सर, समजा या वेळी त्याला ताप आलाच नाही, तर लस लागू पडली नाही असे समजायचे का?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, "नाही. पुष्कळ मुलांना ताप येतच नाही, तरी त्यांच्या लिम्फोसाइट आपले काम करतात. प्रत्येक पहारेकरी ओरडूनच काम करतो असे नाही."